बागेतली अनोळखी फुलवेल ओळखायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या घराच्या कुंपणावर आधीपासून चढलेली, शेजाऱ्यांकडून फांदी आणून लावलेली, नाहीतर पक्ष्याने बी टाकून आपोआप उगवलेली वेल अनेकांच्या बागेत असते, आणि तिचं नाव कुणालाच माहीत नसतं. इथली उत्तरं कोकण, गोवा, मुंबई-ठाणे आणि देशावरच्या बागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. या भागात बागांमधून दिसणाऱ्या वेली तशा मोजक्याच आहेत. नीट पाहिलं तर त्यांतल्या बहुतेक घरबसल्या ओळखता येतात.

फुलाचा एक फोटो आहे. तेवढ्यावर नाव सांगता येईल का?

कळलावी किंवा कृष्णकमळ असेल तर येईल, कारण तसं फूल दुसऱ्या कुणाचं नाही. एरवी फक्त फुलावरून सांगितलेलं नाव हा अंदाजच असतो. ‘जांभळं, भोंग्यासारखं फूल’ एवढ्या वर्णनात थनबर्जिया, गारवेल, लसूणवेल, जांभळी अलामंडा आणि विलायती रबरवेल अशा पाच वेली बसतात, आणि त्या चार वेगवेगळ्या कुळांतल्या आहेत. त्यात फुलाचा रंग ही सगळ्यांत बेभरवशाची खूण. एकाच जातीत निळी, पांढरी आणि गुलाबी फुलं असतात, आणि मोबाइलचा कॅमेरा निळ्याचा जांभळा करतो तो वेगळाच.

मग आधी काय बघायचं?

फूल शेवटी बघायचं. आधी पुढच्या चार गोष्टी, याच क्रमाने.

पहिली गोष्ट, वेल चढते कशी. कोवळा शेंडा आधाराला स्वतःच गुंडाळतोय का (गोकर्ण, गारवेल, थनबर्जिया)? की तिला ताणे आहेत? ताणे असतील तर ते कुठून निघाले ते नक्की पाहा, कारण सगळी गंमत तिथेच आहे. पानाच्या बगलेतून स्प्रिंगसारखा ताणा निघाला असेल तर कृष्णकमळाचं कूळ. जोडपानाच्या मधोमध, तिसऱ्या पर्णिकेच्या (एकाच पानाच्या छोट्या भागाच्या) जागी ताणा असेल तर संक्रांतवेल किंवा लसूणवेल. पानाचं टोकच लांब होऊन वळलेलं असेल तर कळलावी. फुलांच्या तुऱ्याच्या टोकाला ताणे असतील तर आईस्क्रीम वेल. ताणे नाहीत, शेंडाही गुंडाळत नाही, नुसत्या लांब फांद्या काट्यांच्या आधाराने दुसऱ्यावर रेलतात, तर बोगनवेल.

दुसरी गोष्ट, पानांची मांडणी. पेरावर दोन पानं समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत, की एकाच पेरावर तीन-चार पानांचं वर्तुळ आहे? शेंड्याजवळ पानं दाटीवाटीने येतात, तिथे फसगत होते. म्हणून शेंड्यापासून हातभर खालचं पेर बघावं.

तिसरी गोष्ट, पान साधं की संयुक्त, म्हणजे अनेक पर्णिकांचं. याचं उत्तर खाली वेगळं दिलं आहे.

चौथी गोष्ट, चीक. कोवळं पान देठापाशी तोडा आणि दहा सेकंद थांबा. पांढरा दुधाळ चीक आला तर अलामंडा, रबरवेल, मालती यांच्या कुळाकडे वळा. गारवेलीच्या कुळातही काहींना पातळ पांढुरका चीक असतो, पण तिथे पानं एकाआड एक असतात आणि अलामंडाच्या कुळातल्या वेलींची पानं समोरासमोर किंवा वर्तुळात. हात लगेच धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

एवढं नोंदवलं की अर्ध्याहून अधिक वेली यादीतून बाद होतात. फूल हातात घ्यायचं ते यानंतर.

एका देठाला सात छोटी पानं दिसतात. ती सात पानं की एकच पान?

कळी बघा. खऱ्या पानाच्या देठाच्या बगलेत नेहमी एक बारीक कळी (डोळा) असते, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसते. सात ‘पानां’पैकी एकाच्याही बगलेत कळी नसेल आणि ती फक्त मुख्य देठाच्या बुडाशी असेल, तर ते सात पर्णिकांचं एकच पान आहे. जाई आणि गोकर्ण ही यातली नेहमीची उदाहरणं. मांडणी ठरवतानाही पर्णिका मोजू नका, पूर्ण पानं मोजा. जाईची पूर्ण पानं समोरासमोर असतात, गोकर्णाची एकाआड एक.

फुलात नेमकं काय बघायचं?

पुंकेसर मोजा. पाकळ्यांचा आकार आणि रंग माळीबुवा बदलू शकतात, केसरांची संख्या सहसा बदलत नाही.

ताजं, नुकतं उमललेलं फूल घ्या. दाढीच्या ब्लेडने देठापासून वरपर्यंत उभा छेद द्या आणि पांढऱ्या कागदावर उघडून ठेवा. सुईच्या टोकाने केसर वेगळे करा. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा पूर्ण झूम करून चालतो. मग असं वाचा:

दोनच केसर, नळीच्या आत दडलेले – जाई-जुई-कुंद यांचं कूळ.
चार केसर, त्यांतले दोन लांब आणि दोन आखूड – संक्रांतवेल, लसूणवेल, थनबर्जिया.
पाच केसर, लांबीला कमी-जास्त, पानं एकाआड एक – गारवेलीचं कूळ.
पाच केसर आणि मधोमध तीन फाट्यांचं स्त्रीकेसर – कृष्णकमळ. शंभर कौरव, पाच पांडव आणि ब्रह्मा-विष्णू-महेश ही ओळख म्हणजे तंतूंचं कडं, पुंकेसर आणि स्त्रीकेसराचे फाटे यांचीच मोजणी.
सहा केसर, उलट्या वळलेल्या सहा पाकळ्या – कळलावी.
दहा केसर – मधुमालती, माधवी, गोकर्ण. गोकर्णात नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा असतो. माधवीत दहापैकी एक बाकीच्यांपेक्षा ठळक लांब असतो.

दुहेरी, गच्च पाकळ्यांच्या जातींत केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. तिथे ही मोजणी चालत नाही. त्याच वेलीवर एखादं साधं, एकेरी फूल आलंय का ते शोधा.

एकाच झुपक्यात पांढरी, गुलाबी आणि लाल फुलं आहेत. कलम केलेली वेल आहे का?

नाही, ती मधुमालती. सोसायटीच्या गेटावर, गच्चीच्या कठड्यावर सगळ्यांत जास्त दिसणारी वेल हीच. फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत लाल. एकाच झुपक्यात तीन दिवसांची फुलं एकत्र लोंबतात म्हणून तीन रंग. वास संध्याकाळनंतर येतो. रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, त्यांच्यासाठी पांढरा रंग आणि वास असतो.

फुलाचा ‘लांब देठ’ वाटतो तो खरं तर देठ नाही. ती पाच ते सात सेंटिमीटर लांबीची हिरवट-लालसर नळी फुलाचाच भाग आहे, आणि बीजकोश तिच्या बुडाशी असतो. फूल नसताना ओळखायचं असेल तर जुन्या फांदीवरून बोट फिरवा. पान गळताना देठाचा खालचा भाग फांदीवरच राहतो, वाळतो आणि काट्यासारखा टणक होतो. त्याच्याच आधाराने वेल चढते. छाटणी करताना हाताला टोचतात ते हेच. पानं समोरासमोर, साधी, टोकदार. फळ मिळालं तर पाच कडांचं असतं, पण बागेतल्या वेलींना, खासकरून दुहेरी फुलांच्या जातीला, ते क्वचितच धरतं. शास्त्रीय नाव कॉम्ब्रेटम इंडिकम. नर्सरीच्या पाटीवर अजून क्विस्क्वालिस इंडिका हे जुनं नाव दिसेल.

माधवी आणि मधुमालती एकच ना?

नाही. नावांची सरमिसळ सर्रास होते, वेली मात्र वेगळ्या कुळांतल्या. माधवी (हिप्टेज बेंगालेन्सिस) आपल्या सह्याद्रीच्या रानातली. फुलं पांढरी, पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या कातरलेल्या आणि पाचांपैकी एका पाकळीवर पिवळा डाग. थंडी संपता संपता फुलते. तीन पंखांचं फळ हातात आलं तर दुसरा विचार करू नका. ते वरून सोडलं की भिरभिरत खाली येतं.

निळी-जांभळी मोठी फुलं आहेत. थनबर्जिया की गारवेल?

पानं समोरासमोर असतील तर थनबर्जिया, एकाआड एक असतील तर गारवेल. एवढ्यावर निकाल लागतो. खात्रीसाठी कळी बघा. गारवेलीची कळी छत्री मिटल्यासारखी पिळदार असते आणि तिच्या बुडाशी पाच हिरवी निदलं (पाकळ्यांच्या बाहेरची पाती) स्पष्ट दिसतात. थनबर्जियाची कळी दोन हिरव्या आवरणांत मिटलेली असते, आणि फूल उमलल्यावर ती दोन आवरणं त्याच्या बुडाशी चिकटून राहतात. गारवेलीचं फूल पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतं, थनबर्जियाचं उन्हातही टिकतं.

थनबर्जियातही दोन जाती हमखास एकमेकींच्या नावाने विकल्या जातात. पान रुंद, खरखरीत, कडेला मोठे दाते असेल तर ग्रँडिफ्लोरा. पान लांबट, गुळगुळीत, कडा जवळजवळ सरळ असतील तर लॉरिफोलिया. फुलांवरून या दोघींत फरक करायला जाऊ नये, वेळ फुकट जातो. तिसरी, पिवळ्या-तपकिरी फुलांचे लांब घोस मांडवातून खाली सोडणारी मायसोरेन्सिस, हिच्याबद्दल शंकाच राहत नाही. ती मूळची दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातली.

या रंगात आणखी दोन वेली आहेत. पेट्रियाचं पान उलट्या हाताने चोळा, पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. तिच्या तुऱ्यात फिकट जांभळ्या पाच पात्यांची चांदणी दिसते ती पाकळ्यांची नाही, निदलांची. खरं फूल मधलं, गडद जांभळं, आणि ते एक-दोन दिवसांत गळून पडतं. चांदण्या पुढे कित्येक दिवस फिक्या होत राहतात, म्हणून एकाच वेलीचे पंधरा दिवसांच्या अंतराने काढलेले फोटो दोन वेगळ्या वेलींचे वाटतात.

गोकर्ण सर्वांना माहीत असते. फक्त पानाला तीनच पर्णिका असतील आणि फूल फिकट जांभळं असेल तर ती गोकर्ण नव्हे, तिची लांबची बहीण सेंट्रोसीमा. रबराच्या आणि फळझाडांच्या बागांत जमीन झाकायला ती लावतात आणि तिथून ती कुंपणावर येते. गोकर्णाला पाच ते सात पर्णिका असतात. फुलांचा निळा चहा करणार असाल तर आधी हे तपासा. लिंबू पिळल्यावर रंग बदलला म्हणजे गोकर्ण, असं समजू नका; कितीतरी निळ्या-जांभळ्या फुलांचा रंग आंबट घातल्यावर बदलतो.

जांभळट-गुलाबी फुलं आणि तोडल्यावर पांढरा चीक. नर्सरीवाला म्हणतो जांभळी अलामंडा. बरोबर आहे का?

असेलही, पण रबरवेल (क्रिप्टोस्टेजिया ग्रँडिफ्लोरा) नाही याची खात्री करा. जांभळ्या अलामंडाची पानं तीन-चारच्या वर्तुळात आणि लवदार. रबरवेलीची पानं समोरासमोर, जाड आणि चकचकीत. फुलाच्या घशात डोकावून पाहा: दोन-दोन टोकांत चिरलेले बारीक धागे उभे असतील तर रबरवेल. फळावरून तर प्रश्नच मिटतो. रबरवेलीला एकमेकींकडे पाठ करून आडव्या पसरलेल्या दोन ताठ, कंगोरेदार शेंगा येतात आणि आत कापसाचे झुबके असलेल्या बिया असतात. अलामंडाचं फळ गोल आणि काटेरी.

रबरवेल मूळची मादागास्करची. ती विषारी आहे आणि वाऱ्यावर बिया पाठवून कोरड्या माळावर पसरते. जनावरं असलेल्या घरी ती ठेवू नये.

पांढरी सुवासिक फुलं आहेत. जाई, जुई, कुंद की आणखी काही?

आधी दोन केसर आहेत ना ते बघा. असतील तर पानावरून पुढे जा.

जाई: सात ते नऊ पर्णिकांचं पान, कळीवर बाहेरून गुलाबी छटा. जुई: एक मोठी पर्णिका आणि तिच्या बुडाशी कानाच्या पाळीएवढ्या दोन इवल्या पर्णिका, कधी त्या अजिबात नसतात, तेव्हा फांदीवरची पाच-सहा पानं तपासावीत. जुईची फुलं लहान आणि कळी जाईपेक्षा बारीक. कुंद: साधं पान, देठापासून निदलांपर्यंत लव, थंडीत बहर, वास जवळजवळ नाही. कुसर: साधं रुंद पान, अरुंद लांब अशा सहा ते दहा पाकळ्या, उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून बहर. ही सह्याद्रीतली रानजातीची वेल आहे. डोंगरालगतच्या बागेत ती आपोआप येते आणि लोक तिला मोगरा समजतात.

दोनऐवजी पाच केसर निघाले आणि चीक आला तर जाईच्या कुळाचा नाद सोडा, मालतीच्या बाजूला शोधा.

पिवळी फुलं येतात. अलामंडा सोडून दुसरं काय असू शकतं?

पाच सुट्या पाकळ्यांची चांदणीसारखी फुलं, केसर आधी पिवळे आणि नंतर लाल होणारे, पानं समोरासमोर: ट्रिस्टेलेटिया. मुंबई-गोव्याच्या किनारपट्टीत अलीकडे फार लावली जाते.

भोंग्यासारखं पिवळं फूल, पाच-सात बोटांत खोल चिरलेलं पान: मेरेमिया ट्यूबरोसा. हिचं वाळलेलं फळ लाकडात कोरलेल्या गुलाबासारखं दिसतं, आणि ‘लाकडी गुलाब’ म्हणून फुलदाणीत ठेवायला विकलं जातं. फळ मिळालं तर नाव मिळालं.

ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर थोडेच दिवस सगळी भिंत पिवळी करणारी, दोन पर्णिका आणि मधे मांजराच्या नखांसारख्या तीन आकड्यांचा ताणा असलेली: डोलिकँड्रा उंगिस-काटी, म्हणजे मांजरनखी. ती भिंतीच्या भेगांत आकडे रुतवते आणि जमिनीत गाठी करते. लावायचा मोह होत असेल तर आवरावा.

जानेवारीत गच्च केशरी फुलते, एरवी नुसतीच हिरवी. कोणती?

संक्रांतवेल. मूळ ब्राझीलची, पण आपल्याकडे नेमकी संक्रांतीला फुलते म्हणून हे नाव. पाच-सात सेंटिमीटरच्या केशरी नळ्या, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली, केसर बाहेर डोकावणारे. पानाला दोन किंवा तीन पर्णिका. दोन असतील तेव्हा तिसरीच्या जागी तीन फाट्यांचा ताणा.

फूल नसताना ती आणि लसूणवेल सारखीच दिसतात. पान चुरगाळून हुंगा. लसणाचा वास आला की विषय संपला. लसूणवेलीची फुलं जांभळी येतात आणि गळण्याआधी जवळपास पांढरी होतात.

गुलाबी, कागदी पाकळ्यांची वेल आहे. बोगनवेल म्हणावी तर काटे नाहीत.

आईस्क्रीम वेल (अँटिगोनॉन). हृदयाच्या आकाराची पातळ, सुरकुतलेली पानं, तुऱ्याच्या टोकाला ताणे, मधमाश्यांची झुंबड. मूळ मेक्सिकोची. जमिनीत कंद असतात, त्यामुळे वरून कापली तरी पावसात परत फुटते.

बोगनवेलीचंही सांगून टाकू: रंगीत ‘पाकळ्या’ ही तीन छदं (फुलाजवळची रंगीत पानं) असतात, आणि प्रत्येकाला चिकटलेली पांढुरकी बारीक नळी हेच फूल.

वेल दोन-तीन वर्षांची झाली, फूलच नाही. कशी ओळखू, आणि फूल का येत नाही?

ओळखण्यासाठी वर सांगितलेल्या चार गोष्टी आणि पानाचा वास पुरेसा ठरतो. एक शक्यता आधी तपासा: इमारतींच्या गॅलऱ्यांतून हिरव्या पडद्यासारखी सरळ खाली लोंबणारी, लांबट पानांची, पानाच्या मागच्या बाजूला चंदेरी झाक असलेली वेल असेल तर ती पडदावेल. ती पानांसाठीच लावतात, फुलं नगण्य.

बाकी वेलींना फूल न येण्याची नेहमीची कारणं तीन. ऊन कमी: बहुतेक फुलवेलींना दिवसाचं पाच-सहा तास थेट ऊन लागतं, आणि वेल सावलीतून वर चढून शेजाऱ्यांच्या गच्चीवर उन्हात फुलत असते, आपल्याला खाली नुसती पानं. खत जास्त: शेणखत आणि युरियावर वेल पाला वाढवते, फुलं हवी असतील तर पावसाळ्यानंतर नत्राचं खत बंद करा. तिसरं, चुकीच्या वेळची छाटणी. संक्रांतवेलीला फुलं नव्या वाढीच्या टोकाला येतात, आणि ही वाढ पावसाळ्यात होते. दिवाळीत ‘साफसफाई’ म्हणून ती छाटली की त्या वर्षीचा बहर गेलाच. बहर संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटावी. बोगनवेलीचं उलटं दुखणं असतं, रोज पाणी. माती वाळू द्या आणि मगच पुढचं पाणी.

पावसाळ्यात आपोआप उगवली आहे. उपटू की ठेवू?

शेपूसारखी बारीक चिरलेली पानं आणि लाल चांदणीची फुलं: गणेशवेल, ठेवा. हृदयाकृती पानं आणि तशीच लाल-केशरी नळी: लाल पुंगळी, हरकत नाही, पण बी फार पडतं. पिवळी-लाल ज्वाळेसारखी फुलं आणि पानाच्या टोकाचा ताणा: कळलावी. बागेला शोभा आहे, पण घरात लहान मूल किंवा गुरं असतील तर कुंपणापलीकडे. किनाऱ्यालगत वाळूत, आपट्यासारखी दोन दळांची पानं: मर्यादवेल, ती वाळू धरून ठेवते, राहू द्या.

एका वेलीला मात्र हात लावण्याआधी थांबा. तीन पर्णिकांचं पान, गडद जांभळ्या फुलांचे लोंबते घोस आणि नंतर सोनेरी-तपकिरी लव असलेल्या, इंग्रजी ‘एस’सारख्या वळलेल्या शेंगा म्हणजे खाजकुयली. ती फुलण्याआधी, कोवळी असतानाच काढावी. शेंगा वाळल्यावर ओढाल तर लव उडून अंगभर खाज सुटेल. तेव्हा पूर्ण बाह्या आणि हातमोजे हवेत, आणि वाऱ्याच्या दिवशी तर तिच्या वाटेला जाऊच नये.

ओळखण्यासाठी फोटो पाठवायचे आहेत. कोणते काढू?

सात फोटो पुरतात: संपूर्ण वेल आधारासकट; एक पेर जवळून, ज्यात पानांची मांडणी आणि ताणा किंवा काटा दिसेल; पान वरून आणि तेच पान मागून, शेजारी पट्टी ठेवून; फूल समोरून; फूल बाजूने, कळी आणि देठासकट; उभा छेद दिलेलं फूल. फळ किंवा शेंग असेल तर आठवा. फूल बाजूने दाखवणारा फोटो लोक हमखास विसरतात, आणि नळी किती लांब, निदलं किती हे तिथेच दिसतं.

सकाळी आठ-नऊच्या सुमारास, सावलीत काढा. फ्लॅश नको. सोबत लिहा: गाव, महिना, फूल केव्हा उमलतं, वास केव्हा येतो, चीक आहे का, वेल लावलेली की आपोआप आलेली.

मोबाइलच्या ॲपवर विश्वास ठेवावा का?

वाटाड्या म्हणून ठेवावा, पंच म्हणून नाही. गूगल लेन्स, प्लांटनेट आणि आयनॅचरलिस्ट ही तिन्ही कुळापर्यंत किंवा प्रजातीच्या गटापर्यंत बरीच नीट आणून सोडतात. थनबर्जियाच्या दोन जाती, जाई-जुईचे प्रकार किंवा संकरित बोगनवेल अशा ठिकाणी ती गडबडतात. पहिल्याच नावावर न थांबता ॲपने सुचवलेली पहिली तीन नावं घ्या आणि त्यांची पानं, मांडणी, केसर आपल्या वेलीशी ताडून पाहा.

आयनॅचरलिस्टवर माणसंही नाव सांगतात, हा मोठा फायदा. मात्र लावलेली वेल तिथे टाकताना ‘लागवडीची’ अशी खूण करा. नाहीतर परदेशी बागेतली वेल नकाशावर रानटी म्हणून नोंदली जाते.

नर्सरीत सांगितलेलं नाव पुरेसं नाही का?

खरेदीसाठी पुरेसं आहे. तिथली नावं विक्रीची असतात, आणि एकाच नावाखाली दोन-तीन वेली खपतात. पाट्या लावलेल्या बागेत जाऊन जिवंत वेलीशी तुलना करणं जास्त खात्रीचं. भायखळ्याची राणीची बाग आणि पुण्याचं एम्प्रेस गार्डन त्यासाठी सोयीचं. आपल्या वेलीची पानं-फुलं असलेली फांदी सोबत न्या.

एवढं करूनही नाव लागत नाही. पुढे कुणाला दाखवायचं?

जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात आधी विचारा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम इथे वाळवलेल्या नमुन्यांचे मोठे संग्रह आहेत. आधी परवानगी आणि वेळ घेऊन जावं.

नमुना असा करा: पानं, कळ्या, फुलं आणि जमल्यास फळं असलेली पंचवीस-तीस सेंटिमीटरची फांदी घ्या. वर्तमानपत्राच्या घडीत पसरा, एक-दोन पानं मुद्दाम उलटी ठेवा म्हणजे मागची बाजू दिसेल. वर-खाली आणखी कागद घालून जाड पुस्तकांच्या ओझ्याखाली ठेवा. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. पावसाळ्यात हे चुकवलंत तर तिसऱ्या दिवशी बुरशी धरते आणि पानं पेरांपासून सुटतात. मांडणीच गेली तर नमुना निकामी. वाळल्यावर फुलांचा रंग जातो, म्हणून ताज्या फुलाचा रंग, वास, वेलीची उंची, ठिकाण आणि तारीख चिठ्ठीवर लिहून त्याच घडीत ठेवा.

कोणत्या वेली विषारी आहेत?

कळलावीचा प्रत्येक भाग, त्यातही कंद. गुंजेच्या बिया, चावल्या किंवा फोडल्या गेल्या तर. रबरवेल आणि अलामंडा यांचा चीक. कळलावीचा कंद रताळं किंवा करांदा समजून खाल्ला जाण्याचा धोका असतो, तेव्हा कंदमुळांच्या वाफ्याजवळ ती वाढू देऊ नये. कुणी काही खाल्लं असेल तर घरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता थेट रुग्णालय गाठा, आणि वेलीचा पाना-फुलांसकट तुकडा पिशवीत घालून सोबत न्या.

परदेशी वेल निघाली. काढून टाकावी का?

आपल्या बागांतल्या निम्म्या वेली परदेशीच आहेत. संक्रांतवेल, पेट्रिया, लसूणवेल कुंपणात राहतात, त्यांना काढायचं काही कारण नाही. आईस्क्रीम वेल, रबरवेल, मांजरनखी आणि निळी थनबर्जिया यांच्यावर मात्र लक्ष हवं, विशेषतः बाग ओढ्याला किंवा रानाला लागून असेल तर. छाटलेल्या फांद्या आणि कंद ओढ्यात किंवा कुंपणापलीकडे फेकू नका. ओल मिळाली की थनबर्जियाचा पेर असलेला तुकडाही मूळ धरतो. फांद्या सिमेंटच्या गच्चीवर किंवा पत्र्यावर कडकडीत वाळवा आणि मगच खताच्या खड्ड्यात टाका. कंद वेगळे काढून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, पूर्ण कुजेपर्यंत उन्हात ठेवा.